‘सर तर अजून किती छान बोलतात!’

विद्यापीठाच्या वसाहतीतली एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दुतर्फा गुलमोहर असलेल्या रस्त्याने तुम्ही पतीसह फिरायला निघाला आहात. समोरून एक तरुण प्राध्यापक येतो, वाकून नमस्कार करतो आणि विद्यार्थिदशेत ऐकलेल्या एका व्याख्यानाची आठवण काढतो. तुमचे यजमान थांबतात. मान किंचित तिरपी करून, चाळीस वर्षांच्या सवयीने, ते त्याला दहा मिनिटे विषय समजावून सांगतात. एकही शब्द अडखळत नाही. तो तरुण भारावून जातो. घराच्या फाटकाशी आल्यावर मात्र ते तुम्हाला हलक्या आवाजात विचारतात, “हे कोणाचं घर? आपल्याला इथे ओळखतात का?”

दुसऱ्या दिवशी मोठा धीर करून तुम्ही ही गोष्ट शेजारच्या वहिनींच्या कानांवर घालता. त्या हसून म्हणतात, “काहीतरीच काय! सर तर अजून किती छान बोलतात!”

या उत्तरानंतर तुम्ही पुन्हा कोणापाशी काही बोलला नसाल, तर त्यात नवल नाही. शेजारणीच्या मनातही वाईट काही नव्हते. विद्येच्या क्षेत्रात वावरलेल्या माणसाचा स्मृतिभ्रंश इतरांच्या लक्षात उशिरा येतो, आणि त्याला वैद्यकीय कारण आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधक याकोव स्टर्न यांनी १९९० च्या दशकापासून या विषयाचा पाठपुरावा केला आहे. दीर्घ शिक्षण आणि आयुष्यभराचे बौद्धिक काम यांमुळे मेंदूपाशी जणू एक राखीव साठा जमतो, असे त्यांचे प्रतिपादन. आजाराची पडझड आत सुरू झाली तरी हा साठा काही काळ उणीव भरून काढतो. म्हणून उच्चशिक्षितांत लक्षणे उशिरा प्रकट होतात. पण ती प्रकट होतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि पुढची उतरण अनेकदा अधिक वेगाची ठरते. व्याख्यान तर वर्षानुवर्षे घोटलेले. ते बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. आधी हरवते ते कालपरवाचे: गॅस बंद केला का, गोळी घेतली का, बँकेत कोणत्या कागदावर सही केली. व्याख्यान साऱ्या वसाहतीला ऐकू येते, गॅसचा वास मात्र तुम्हालाच येतो.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीने दिला. अल्पशिक्षितांत हे प्रमाण अधिक आढळते; तरीही प्राध्यापकांची घरे त्यातून सुटलेली नाहीत. निवृत्तांच्या मेळाव्याला चाळीस माणसे जमत असतील, तर त्यांतल्या एकदोन घरांत तरी तुमच्यासारखीच कोणी रात्री दाराची कडी पुन्हापुन्हा तपासत असण्याचा संभव आहे. (थायरॉइडचे विकार, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो बराचसा दुरुस्त होऊ शकतो. म्हणून नाव ठेवण्याआधी तपासण्या करून घ्याव्यात, हे ओघाने आले.)

अशा घरांनी एकत्र बसावे, हे या लेखाचे सांगणे आहे. गणेशखिंड, पवई, राहुरी, कोल्हापूर, कोठेही विद्यापीठाचा किंवा संस्थेचा परिसर पाहिला, तर तिथे व्यायामशाळा आहे, भिशी आहे, गणेशोत्सव आहे, निवृत्तांची संघटना आहे. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्रही आता बहुतेक ठिकाणी असते. पण आजारी माणसाला चोवीस तास सांभाळणाऱ्या पत्नीने, पतीने किंवा सुनेने कोठे जाऊन बसावे, याचे उत्तर सहसा कोणापाशी नसते.

तुम्ही विचाराल, बसून काय होणार? आजार तर बरा होत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता अभ्यासाच्या आधाराने देता येते. १९८० साली लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या एकोणतीस रुग्णांच्या शुश्रूषा करणाऱ्या आप्तांना प्रश्न विचारले. सांभाळणाऱ्यावरचा भार कशाने वाढतो, हे त्यांना शोधायचे होते. कोणालाही वाटेल की रुग्ण जितका अधिक त्रास देईल, तितका भार अधिक. तसे आढळले नाही. रुग्णाचे विचित्र वागणे, विसरणे, चिडणे यांचा भाराशी स्पष्ट संबंध लागला नाही; संबंध लागला तो घरी येणाऱ्याजाणाऱ्यांशी. मुले, सुना, भावंडे ज्या घरी वरचेवर डोकावत होती, तेथील सांभाळणाऱ्यांना ओझे कमी वाटत होते. एकोणतीस ही संख्या लहान आहे हे खरे. पण या अभ्यासातून तयार झालेली भार मोजण्याची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते.

त्याहून मोठा पुरावा न्यूयॉर्क विद्यापीठाचा. तेथे १९८७ पासून मेरी मिटेलमन यांच्या पुढाकाराने, आजारी जोडीदाराला घरी सांभाळणाऱ्या ४०६ पतिपत्नींचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. निम्म्यांना नेहमीचे उपचार व माहिती मिळाली. उरलेल्या निम्म्यांसाठी आणखी तीन गोष्टी केल्या गेल्या: सांभाळणारी व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय यांच्यासह समुपदेशनाच्या सहा बैठका, आधारगटात नियमित सहभाग, आणि अडचण आली की फोनवर बोलण्याची सोय. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवसांनी पुढे गेली, असे २००६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. हे दीड वर्ष कोणत्याही नव्या औषधाने मिळालेले नव्हते. तिन्ही उपायांपैकी नेमका कोणता किती उपयोगी पडला, हे वेगळे काढता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. मला त्यातला कुटुंबाला एकत्र बसवण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे आईला सांभाळणाऱ्या बहिणीला परगावचा भाऊ फोनवरून सूचना देतो. त्या भावाला एकदा समोर बसवून ‘महिन्यातले दोन दिवस तू येशील का?’ एवढे विचारणारे तिसरे माणूस बहुतेक घरांना मिळत नाही.

मराठीत या कामासाठी दोन सुंदर शब्द रूढ झाले आहेत. पुण्यातल्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द ज्या वर्तुळात रुजले, त्याचा एक धागा थेट विद्यापीठाशी जाऊन मिळतो. मूळ खानदेशातले डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या आजारात त्यांनी दीर्घकाळ शुभंकराची भूमिका निभावली. तिथल्या कुटुंबीयांच्या संघटनांचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. २००४ चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. तो पाहिलेल्यांना भावाच्या आजाराने वेढलेली बहीण आठवत असेल. आकड्यांत रमणाऱ्या एका प्राध्यापकाने आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगण्याचे ठरवले, हे विद्यापीठीय समाजाच्या रीतीला धरून नव्हते. त्या रीतीत बुद्धी हीच प्रतिष्ठा असते. मग बुद्धीच ढळू लागली, हे उंबऱ्याबाहेर कसे सांगावे?

ही अडचण सर्वांत मोठी असल्याने तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. वसाहतीत माणसे एकमेकांना नावापेक्षा पदाने ओळखतात. तुम्ही ‘विभागप्रमुखांच्या मिसेस’ असता. समोर बसलेली बाई त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेल्या प्राध्यापकाची पत्नी असते. तिच्यापुढे ‘आज यांनी अंथरुणात लघवी केली’ हे वाक्य उच्चारायचे कसे? उलट बाजूने, कार्यालयातल्या लिपिकाच्या किंवा शिपायाच्या घरच्यांनी मोठ्या साहेबांच्या दिवाणखान्यात येऊन आपले रडगाणे सांगावे, हीही अपेक्षा करता येत नाही. आजार दोन्ही घरी सारखाच. किंबहुना ब्युरोतून दिवसपाळी-रात्रपाळीच्या बाया ठेवणे ज्याला परवडते, त्याच्यापेक्षा परवडत नाही त्याला गटाची गरज अधिक.

मी काही काळ अशा एका वसाहतीतल्या गटात जात होते. माझी आई तेव्हा आजारी होती. पहिल्या दोन बैठका एका निवृत्त कुलसचिवांच्या बंगल्यात झाल्या. चहा चिनीमातीच्या कपांतून आला आणि कोणीही खरे काही बोलले नाही. तिसऱ्या बैठकीला आम्ही जागा बदलली. वसाहतीच्या बालवाडीचा वर्ग शनिवारी दुपारी रिकामा असे. तिथे सारे जण बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलो, आणि त्या बसण्यातच अर्धी पदे गळून पडली. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले ते भौतिकशास्त्र विभागातून निवृत्त झालेले प्रयोगशाळेतले परिचर. आईला त्यांनी सहा वर्षे सांभाळले होते. “एकदा मी तिच्यावर हात उगारला,” ते म्हणाले. “मारला नाही. पण उगारला.” खोलीत बराच वेळ शांतता होती. मग सर्वांत मागे बसलेल्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, “मी मारला.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. कोणी त्यांना उपदेश केला नाही, आणि कोणी ‘अहो, असं काय’ असेही म्हटले नाही. शेजारच्या बाईंनी फक्त पाण्याची बाटली पुढे केली. पुढच्या आठवड्यात दोघीजणी आळीपाळीने त्यांच्या घरी संध्याकाळी तासभर बसू लागल्या, कारण हात उठण्याची वेळ रोज तीच होती: सूर्यास्तानंतर. दिवस मावळताना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता अनेकदा वाढते, हे त्या प्राध्यापिकेला पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक असण्याने संध्याकाळ टळत नव्हती.

तुमच्या वसाहतीत असा गट नसेल तर सुरू करायला फार काही लागत नाही. दोन घरे पुरेत. तिसरे आपोआप येते, सहसा रात्री उशिरा आलेल्या फोनमधून. जागा मात्र विचारपूर्वक निवडा: प्रशासकीय इमारत नको, विभागाचे सभागृह तर नकोच. येणाऱ्याला कोणी ‘इकडे कुठे?’ असे विचारणार नाही, अशी जागा हवी. वाचनालयामागची खोली, बालवाडी, मंडळाचे कार्यालय काहीही चालेल. वेळ ठरवताना घरच्या माणसाजवळ कोण बसणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आमच्याकडे शेजारच्या वर्गात शुभार्थींसाठीच कॅरम आणि जुनी गाणी असत, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची दोन मुले तिथे थांबत. ती मुले पहिल्या दिवशी घाबरली होती. नंतर त्यांतला एक परीक्षा संपली तरी येत राहिला.

गटात बोललेले गटाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, आणि वसाहतीत ते दर खेपेला पुन्हा सांगावे लागते. दरवेळी तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवण्याचा मोहही टाळावा. विद्यापीठातल्या माणसांना काहीही सुचले नाही की ती व्याख्यान ठेवतात! वर्षातून दोनदा मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ बोलावणे पुरे. बाकीच्या वेळी बाथरूमच्या दारावर मोठे चित्र लावल्याने काय फरक पडला, कडी दाराच्या वरच्या टोकाला बसवली का, खिशात नाव-पत्ता-फोन लिहिलेला कागद कसा ठेवायचा, असल्या गोष्टींना वेळ द्या. निवृत्तिवेतनाचा विषय तर प्रत्येक नोव्हेंबरात निघतो. हयातीचा दाखला द्यायचा आणि सही जुळत नाही, अशी अडचण अनेक घरी येते. चेहऱ्याची ओळख पटवून घरबसल्या मोबाइलवरून हा दाखला देण्याची सोय ‘जीवन प्रमाण’मध्ये आहे, हे मला गटातच कळले. बँकेतले खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे करून घेणे, इच्छापत्र, नामनिर्देशन ही कामे आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असतानाच उरकावी लागतात. हे सांगणारा माणूस वकील असण्यापेक्षा, ते करायला ज्याला उशीर झाला असा शेजारी असला तर अधिक पटते.

पुरुष शुभंकर गटात कमी येतात. पत्नी आजारी असलेले निवृत्त प्राध्यापक दारापर्यंत येऊन परत गेलेले मी पाहिले आहेत. त्यांना बोलायला बोलावू नका. कपाट दुरुस्त करायला, यादी टंकलिखित करायला बोलावा. बोलणे मागाहून येते.

विद्यापीठाच्या वसाहतीला एक दुखणे खास तिचेच आहे. घर आपले नसते. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांत शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतात, केंद्रीय संस्थांत पासष्टाव्या. त्यानंतर ठरावीक मुदतीत निवासस्थान रिकामे करावे लागते. ज्याच्या आठवणी विरत चालल्या आहेत, त्याला तीस वर्षांचे अंगण सोडून कोठल्याशा टॉवरच्या नवव्या मजल्यावर नेणे म्हणजे उरलेसुरले खुणेचे खांबही उपटणे. निवृत्तीला दोनतीन वर्षे असताना लक्षणे जाणवू लागली असतील, तर स्थलांतर शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. नव्या जागी जुने पलंग, जुने घड्याळ, जुनीच देवघराची दिशा शक्य तेवढी राखावी. आणि गटाने अशा घराला ‘बाहेर गेलेले’ समजू नये. आमच्या गटातून गेलेल्या एका कुटुंबाकडे आम्ही दोन महिन्यांतून एकदा जात असू. बैठकच तिथे भरवत असू.

अनेक वाचकांची मुले परदेशी विद्यापीठांत शिकत किंवा शिकवत आहेत. तिथे कुटुंबीयांच्या गटांची परंपरा जुनी आहे. बोस्टनजवळच्या ‘एमआयटी’त १९७२ साली विद्यार्थी व संशोधकांच्या पत्नींसाठी असा गट सुरू झाला. तो आजही चालू आहे. आता त्यात पतीही येतात आणि नावही त्याप्रमाणे बदलले आहे. परमुलखात एकट्या पडलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या जोडीदारांना चार माणसे मिळावीत, हा त्याचा हेतू. तुमची सून किंवा मुलगी तिकडे एकटी असेल तर तिच्या विद्यापीठात असे काही आहे का, हे जरूर विचारा. आणि ती जेव्हा इकडची चौकशी करील तेव्हा ‘आम्ही मजेत’ म्हणून फोन ठेवू नका. दूर असलेल्या मुलाने दर रविवारी ठरल्या वेळी वडिलांशी अर्धा तास व्हिडिओवर बोलणे, हेही तुमच्यासाठी अर्ध्या तासाची सुट्टीच असते.

गट सर्व काही करू शकत नाही. तुम्हाला आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, ‘यांच्याआधी मीच गेले तर बरे’ असे वारंवार मनात येत असेल, तर तो थकवा समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावेत.

आमच्या गटातले ते परिचर आईच्या निधनानंतरही यायचे थांबले नाहीत. दर गुरुवारी चार वाजता ते एका निवृत्त विभागप्रमुखांच्या घरी जाऊन बसत. तीस वर्षे त्यांनी याच सरांच्या व्याख्यानांना उपकरणे मांडून दिली होती. सर त्यांना दर गुरुवारी प्रकाशाच्या अपवर्तनाचा तोच पाठ देत, बोटाने हवेत किरण रेखीत, आणि ते तो मन लावून ऐकत. बाई तेवढ्यात आतल्या खोलीत पाऊण तास झोपून घेत. निघताना ते हलकेच दार लोटून घेत आणि फाटकाशी कोणी भेटले तर सांगत, “सर अजून छान बोलतात. बाईंना उठवू नका.”